आधी सोबत्यांचे पाश : पहिल्यांदा टीम सांभाळणाऱ्यांसाठी चित्रग्रीवाची गोष्ट

कालपर्यंत ज्यांच्या शेजारी बसून काम केलं, त्यांचीच जबाबदारी आजपासून तुमच्याकडे आली असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. ऑफिसातली टीम असो, संस्थेतल्या कार्यकर्त्यांचा गट असो की स्पर्धेत उतरणारा संघ. अशा वेळी लोक जाडजूड पुस्तकं सुचवतात, दोन-दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवतात. त्याचाही उपयोग होतो. पण मला सगळ्यात जास्त कामाला आली ती जाळं घेऊन उडालेल्या कबुतरांची गोष्ट. आता माझ्या हाताखालचं कुणी पहिल्यांदा टीम सांभाळायला घेतं, तेव्हा मी त्याला आधी तीच वाचायला देते.

आपल्याला गोष्ट आठवते ती एवढीच : कबुतरं जाळ्यात अडकली, सगळी मिळून जाळ्यासकट उडाली, उंदराने जाळं कुरतडलं. खाली तात्पर्य, एकीचे बळ. तात्पर्य खरं आहे, पण ते थव्याचं आहे. कबुतरांचा राजा चित्रग्रीव याला या गोष्टीत एकामागून एक निर्णय घ्यावे लागतात, आणि त्यातले बरेचसे उड्डाणाच्या आधी किंवा नंतर आहेत. नव्या लीडरने बघायचे ते हे निर्णय आणि त्यांचा क्रम. पंचतंत्राच्या सुरुवातीलाच सांगितलं आहे की अमरशक्ती राजाच्या तीन मुलांना सहा महिन्यांत राजनीती शिकवण्याचं काम विष्णुशर्म्याने अंगावर घेतलं. म्हणजे उद्या ज्यांना माणसं सांभाळायची आहेत त्यांच्यासाठीच ही गोष्ट रचली गेली. लहान मुलांच्या पुस्तकात ती नंतर आली.

हाताशी काय हवं

- गोष्टीची पूर्ण प्रत. पंचतंत्रातलं दुसरं तंत्र 'मित्रसंप्राप्ती' आणि हितोपदेशाचा पहिला भाग 'मित्रलाभ'. चांगलं मराठी भाषांतर चालेल. मुलांच्या सचित्र आवृत्तीत आपल्या कामाचे संवाद बहुतेक वेळा गाळलेले असतात, त्यामुळे ती पुरणार नाही.
- एक साधी वही. टीममधल्या प्रत्येकासाठी एक स्वतंत्र पान.
- टीमबाहेरची, पण अडचणीत हात देऊ शकतील अशी माणसं, यांची यादी. सुरुवातीला दोन-तीनच नावं निघाली तरी चालेल.
- तुमच्या हातात नेमकं काय आहे याची लेखी माहिती : रजा मंजूर करणं, प्रशिक्षणाला नावं देणं, बढतीची शिफारस, खर्चाची मर्यादा. ही पहिल्याच आठवड्यात वरिष्ठांकडून ईमेलवर मागून घ्या. तोंडी 'बघून घेऊ' यावर राहिलात, तर पायरी ६ ला अडाल.

१. गोष्ट दोन्ही रूपांत वाचा

हितोपदेशात गोदावरीकाठच्या मोठ्या सावरीच्या झाडाजवळ पारधी तांदूळ टाकतो, जाळं पसरतो आणि दडून बसतो. वरून उडणारा चित्रग्रीव ते दाणे बघतो आणि थव्याला म्हणतो, या निर्मनुष्य रानात तांदूळ आले कुठून? थव्यातलं एक कबूतर तोऱ्यात उत्तर देतं की असा जागोजागी संशय घ्यायचा तर खायचं काय आणि जगायचं कसं. थवा त्याचं ऐकतो, उतरतो, आणि राजासकट सगळे अडकतात.

पंचतंत्राच्या प्रचलित पाठात चित्र उलटं आहे. तिथे सावध करतो तो लघुपतनक कावळा, आणि त्याचं न ऐकता दाण्यांच्या मोहाने खाली उतरतो तो खुद्द चित्रग्रीव.

हा फरक महत्त्वाचा आहे, म्हणून दोन्ही वाचा म्हणते. नवे लीडर साधारण या दोन स्वभावांचे असतात. एकाला धोका दिसतो, पण त्याचं कुणी ऐकत नाही. दुसऱ्याला स्वतःलाच दाण्यांची घाई असते, कारण पहिलं यश लवकर दाखवायचं असतं. तुम्ही कोणत्या बाजूला झुकता, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. स्वतःला ठरवता येत नसेल तर ज्यांच्याबरोबर आधी काम केलं आहे अशा एखाद्या जुन्या सहकाऱ्याला विचारा, तो लगेच सांगेल.

२. दाणे दिसले की विचारा : 'हे इथे आले कुठून?'

रानातला तांदूळ ओळखायला शिकावं लागतं. इतर कुणीच घेतलं नाही असं 'सोपं' काम तुमच्याकडे येतं. 'ही तारीख सहज गाठता येईल' असं ज्यांना ते काम करायचंच नाही ते सांगतात. अर्ध्या किमतीत सगळं करून देणारा पुरवठादार भेटतो. यातलं प्रत्येक वेळी जाळंच असतं असं नाही. पण दाणे टाकणारा कोण आणि त्याला यातून काय मिळणार, एवढं विचारल्याशिवाय खाली उतरू नका.

दुसऱ्या स्वभावाचे असाल तर तुम्हाला लघुपतनक नेमावा लागेल. टीममधल्या एका माणसाला उघडपणे सांगा, 'मी हो म्हणायच्या आधी नाही म्हणायची तीन कारणं तू मला द्यायचीस.' हे काम दर वेळी वेगळ्या माणसाकडे द्या. एकाच्याच गळ्यात पडलं तर त्याच्यावर नकारघंटेचा शिक्का बसतो आणि पुढे तो बोलायचाच बंद होतो.

पहिल्या स्वभावाचे असाल तर इशारा देण्याची रीत शिका. आपल्याला काय घडेल असं वाटतं आणि ते घडायला लागल्याची पहिली खूण कोणती असेल, हे दोन ओळींत लिहून सगळ्यांना पाठवा. 'मला हे बरोबर वाटत नाही' या वाक्याने कुणी थांबत नाही. 'पंधरा तारखेपर्यंत नमुना हातात आला नाही तर पुढचं सगळं मागे पडेल' या वाक्यावर विचार होतो. एवढं करूनही सगळ्यांचं मत वेगळं पडलं, तर मनापासून त्यांच्याबरोबर जा.

*सापळा :* अडचण आल्यावर 'मी तर आधीच सांगितलं होतं' असं म्हणणं. हितोपदेशातला चित्रग्रीव जाळ्यात पडल्यावर एकदाही असं म्हणत नाही, आणि म्हणायचा हक्क त्याला पुरेपूर होता.

एक मर्यादा मात्र पाळा. कुणाच्या जिवाला धोका असेल, कायदा मोडत असेल किंवा पैशांचा गैरव्यवहार होत असेल, तर बहुमत बघू नका. तिथे थव्याबरोबर उतरायचं नाही, काम थांबवून वर कळवायचं.

३. जाळ्यात पडल्यावरची पहिली काही मिनिटं

जाळं पडतं आणि सगळी कबुतरं त्या तोरा मिरवणाऱ्या कबुतराला बोल लावू लागतात. चित्रग्रीव म्हणतो, हा त्याचा दोष नाही. संकटात गोंधळून जाणं हे भित्र्याचं लक्षण, आता धीर धरा आणि उपाय शोधा.

हे करून दाखवणारी माणसं मी कमी पाहिली आहेत, पण एक प्रसंग माझ्या चांगला लक्षात आहे. आमच्या टीममधून सभासदांना पत्रं गेली ती जुन्या यादीवरून. कितीतरी लोकांना चुकीची रक्कम कळवली गेली. ज्याने यादी जोडली तो नवखा मुलगा मीटिंगच्या खोलीत भिंतीला टेकून उभा होता. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण तो बसला नव्हता. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे. आमच्या तेव्हाच्या प्रमुख आत आल्या, त्यांनी फळ्यावर दोन प्रश्न लिहिले : 'किती जणांना गेलं?' आणि 'पुढचा गठ्ठा कधी निघणार?' मग त्या मुलाकडे वळून म्हणाल्या, 'बस. यादी तुला सगळ्यात जास्त माहीत आहे, पहिल्या प्रश्नाचं उत्तर तू काढ.' तो बसला, लॅपटॉप उघडला, आणि खोलीतले बाकीचेही कामाला लागले. पुढचा गठ्ठा निघायच्या आत थांबवता आला.

यात दोन गोष्टी एकदम झाल्या. बोट दाखवणं थांबलं, आणि ज्याच्याकडे सगळ्यात जास्त माहिती होती तो माणूस कामाला लागला. ज्याला सगळे झोडपत असतात त्याच्याचकडे बहुधा सुटकेला लागणारी माहिती असते, आणि घाबरलेला माणूस ती लपवतो. म्हणून पहिल्या मिनिटाला 'कोणी केलं' हा प्रश्न येऊ देऊ नका. तुमच्या वरिष्ठांनी विचारलाच तर 'जबाबदारी माझी आहे, कारण आज संध्याकाळपर्यंत कळवते' असं सांगा. आणि ती वेळ पाळा.

४. एकाच इशाऱ्यावर उडा

चित्रग्रीवाची पहिली आज्ञा अगदी छोटी आहे : सगळ्यांनी एकत्र जाळं उचला आणि उडा. कुठे जायचं, पाश कोण तोडणार, यातलं काहीच तेव्हा बोललं जात नाही. पारधी नजरेआड झाल्यावर कबुतरं विचारतात, 'आता काय करायचं?' आणि तेव्हा तो मित्राचं नाव सांगतो.

नवे लीडर इथे लांबलचक योजना मांडायला बसतात. पहिली सूचना अशी द्या की ती प्रत्येकाला त्याच क्षणी करता येईल. बाकीचं उडाल्यावर.

पारध्याकडेही लक्ष असू द्या. तो जमिनीवरून पाठलाग करतो तो एका भरवशावर, की ही पाखरं कधीतरी खाली येतील आणि मग हाती लागतील. ही गोष्ट पुढे अरबीत गेली, तिथे कबुतरांचा प्रमुख सांगतो की उघड्या रानावरून नको, झाडी आणि वस्तीवरून उडू, म्हणजे त्याला माग राहणार नाही. तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा की टीम संकटातून बाहेर निघत असताना आतली भांडणं बाहेर दिसतील अशा जागी, म्हणजे मोठ्या ग्रुपवर किंवा भल्यामोठ्या ईमेल-साखळीत, चर्चा करू नका.

५. हिरण्यकाशी मैत्री आधीच हवी

गंडकीच्या काठी राहणारा हिरण्यक उंदीर सावध प्राणी आहे, त्याच्या बिळाला शंभर तोंडं आहेत. थवा उतरल्याचा आवाज ऐकून तो घाबरतो आणि गप्प बसतो. चित्रग्रीव हाक मारतो, 'मित्रा, बोलत का नाहीस?' आवाज ओळखताच तो धावत बाहेर येतो. या एका क्षणावर सगळी सुटका उभी आहे. आवाज ओळखीचा नसता तर शंभरपैकी एकही दार उघडलं नसतं.

म्हणून आधी केलेली ती यादी आता काढा. हिशेब बघणारा माणूस, संगणकाची व्यवस्था सांभाळणारी व्यक्ती, मनुष्यबळ विभागातली एखादी कर्मचारी, शेजारच्या टीमचा प्रमुख. पदाने ही माणसं मोठी नसतील, पण तुमच्या थव्याला न जमणारं एक काम त्यांना जमतं. काही काम नसताना त्यांना भेटा. त्यांचं काम कशामुळे अडतं ते विचारा आणि तुमच्या बाजूने होणारा एखादा त्रास कमी करा : अर्ज वेळेवर द्या, अपुरी माहिती पाठवू नका. मदत मिळाली की त्यांच्या वरिष्ठांना नाव घेऊन कळवा.

*सापळा :* आपला साहेब हाच आपला एकमेव हिरण्यक मानणं. तो रजेवर गेला किंवा बदलून गेला की तुमच्या हाताशी कुणीच उरत नाही.

६. पाश कापण्याचा क्रम

इथे सावकाश वाचा. माझ्या मते सगळी गोष्ट या प्रसंगासाठी रचली आहे, आणि मुलांच्या आवृत्तीत नेमका हाच गळतो.

हिरण्यक स्वाभाविकपणे आधी मित्राचे पाश कापायला जातो. चित्रग्रीव म्हणतो, असं नको. आधी माझ्या आश्रितांचे पाश तोड, माझे नंतर. हिरण्यक अडचण सांगतो : माझ्यात ताकद थोडी आणि दात नाजूक, दात शाबूत आहेत तोवर तुझे तोडतो, मग जमतील तेवढे इतरांचे. चित्रग्रीव तरी ऐकत नाही. पंचतंत्रात तो कारणही देतो : माझे पाश तोडताना तुझे दात मोडले किंवा तेवढ्यात पारधी आला, तर यांचं काय होणार? त्यावर हिरण्यक खूश होऊन सांगतो की राजाचा हा धर्म मला माहीत होता, मी फक्त तुझी परीक्षा पाहत होतो.

या प्रसंगाचं सगळं मर्म दातांत आहे. ते अमर्याद असते तर क्रमाला काही अर्थच नव्हता. तुमच्याकडेही मोजकेच दात असतात : सणासुदीच्या रजा, प्रशिक्षणाच्या जागा, चांगलं नाव होईल असं काम, वरिष्ठांसमोर बोलायची पाच मिनिटं, बढतीच्या शिफारशी. ते कुणाकडे आधी गेले यावरून टीम तुम्हाला ओळखते. तुमच्या भाषणावरून नाही.

आता वहीत कृती करा.

क) वर मागवलेल्या लेखी माहितीवरून, तुमच्या हातातली प्रत्येक मर्यादित गोष्ट एका पानावर लिहा आणि ती किती आहे ते समोर मांडा.

ख) प्रत्येकाच्या पानावर त्याचा पाश लिहा. तो तुम्ही तर्काने लिहू नका. समोर बसवून विचारा, 'तुझं काम सध्या कशामुळे अडतं?' उत्तरं ऐकून चकित व्हाल. ज्याला बढती हवी आहे असं वाटत होतं त्याला फक्त संध्याकाळी वेळेवर निघायचं असतं.

ग) क्रम लावा. थव्यातल्या कोणत्या कबुतराचे पाश आधी, हे गोष्टीत नाही. माझी पद्धत अशी : आज ज्याचं काम पूर्ण थांबलं आहे तो आधी, मग ज्याचं लवकरच थांबेल तो. जो जास्त बोलतो तो आधी, असं कधीच नाही. गप्प बसणाऱ्यांची पानं मुद्दाम दोनदा वाचा.

घ) तुमचं स्वतःचं नाव यादीच्या शेवटी लिहा, आणि त्यापुढे तारीख घाला.

तारखेवर माझा आग्रह आहे. 'माझे पाश तोडूच नकोस' असं चित्रग्रीव म्हणत नाही, 'नंतर तोड' म्हणतो. स्वतः कधीच रजा न घेणारा, सगळ्यांची कामं ओढणारा लीडर काही महिन्यांत चिडचिडा होतो आणि त्याची टीमही रजा मागायला कचरते. शेवटी म्हणजे कधीच नाही, असा अर्थ काढू नका.

इथे एक प्रामाणिक शंका येते. विमानात सांगतात, ऑक्सिजनचा मुखवटा आधी स्वतःला लावा, मग शेजाऱ्याला मदत करा. मग चित्रग्रीव चुकला का? मी यावर बराच विचार केला आहे आणि मला एक कसोटी सापडली : मी सुटल्याने इतरांना सोडवण्याचं काम होणार आहे का? मुखवटा लावल्याने तुम्ही शुद्धीत राहता, म्हणून तो आधी तुम्हाला. चित्रग्रीवाची चोच मात्र जाळं कापू शकत नव्हती. तो आधी सुटला असता तर फक्त एक कबूतर मोकळं झालं असतं. तेव्हा नवीन प्रणालीचं प्रशिक्षण घेऊन तुम्हीच टीमला शिकवणार असाल, तर खुशाल आधी जा, आणि तसं सगळ्यांना सांगून जा. चांगली खुर्ची, सोयीची पाळी, परदेशवारी यांना ही कसोटी लावून बघा, उत्तर लगेच मिळतं.

*सापळा :* स्वतः मागे राहिल्याचं बोलून दाखवणं. 'तुमच्यासाठी मी माझी रजा सोडली' हे वाक्य टीमच्या कानावर गेलं की दिलेलं सगळं कर्ज होऊन बसतं.

७. सुटल्यानंतर

पाश सुटल्यावर हिरण्यक सगळ्यांचं आदरातिथ्य करतो आणि चित्रग्रीवाला सांगतो की जाळ्यात सापडलो म्हणून स्वतःला दोष देत कमी लेखू नकोस. संकट संपल्यावर हेच तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं असतं, आणि तुम्ही ते तुमच्या टीममधल्या 'त्या' कबुतराला सांगायचं असतं. एकट्याला बोलवा. काय चुकलं याची चर्चा आता करा, मोकळेपणाने आणि खोलात जाऊन. पायरी ३ मध्ये ती बाजूला ठेवली होती, सोडून दिलेली नव्हती. पुन्हा असे दाणे दिसले तर काय तपासायचं, हे त्यानेच लिहून काढावं आणि त्याच्याच नावाने सगळ्यांना पाठवावं.

सगळा प्रकार लघुपतनक कावळा पाहत होता. थवा निघून गेल्यावर तो हिरण्यकाकडे मैत्री मागायला येतो. हिरण्यक आधी नकार देतो, कारण कावळा उंदराला खाणारा. पण पुढे त्यांची मैत्री होते आणि तिथून या तंत्राची बाकीची कथा चालते. तुमच्या टीमने संकट कसं हाताळलं हे शेजारचे विभाग असंच पाहत असतात. नंतर कुणी तुमच्या टीममध्ये यायची इच्छा दाखवली तर लगेच होकार देऊ नका, हिरण्यकासारखी नीट विचारपूस करा.

८. ही गोष्ट कुठे पुरणार नाही

चित्रग्रीवाच्या थव्यात सगळ्यांचं जाळं एक, पारधी बाहेरचा आणि सगळ्यांना सुटायचंच आहे. तुमच्या टीममध्ये दोघांचं एकमेकांशी पटत नसेल, एखादा जाणूनबुजून काम टाळत असेल, किंवा कुणी दुसऱ्याला त्रास देत असेल, तर या गोष्टीची पायरी लावू नका. त्रासाची तक्रार आली तर नियमाने जी समिती किंवा जो विभाग आहे तिथे ती त्याच दिवशी पोहोचवा.

सल्लागार कसे निवडावेत आणि त्यांचं कसं ऐकावं, हा तुमचा प्रश्न असेल तर पंचतंत्राचं तिसरं तंत्र, काकोलूकीय, वाचा. कावळ्यांचा राजा मेघवर्ण आपल्या मंत्र्यांना एकेक करून मत विचारतो. घुबडांचा राजा अरिमर्दनही विचारतो, पण त्याच्या मंत्र्यांपैकी खरा धोका ओळखणाऱ्या एकट्या रक्ताक्षाचं ऐकत नाही. टीमची पहिली मोठी बैठक घेण्याआधी ते दोन दरबार शेजारी-शेजारी ठेवून वाचा, आणि तुमच्या बैठकीत रक्ताक्ष कोण असेल त्याचं नाव वहीत लिहून ठेवा.